मुक्काम मागायचा की घ्यायचा

पहिल्या महिन्यात आम्हाला नऊ ठिकाणांहून हाकललं, आणि नऊच्या नऊ वेळा माझंच बरोबर होतं. हे मी आजही म्हणते. रस्त्याकडेची जागा सार्वजनिक आहे. तिथे गाडी लावून आत झोपायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि ज्याला हे पटत नाही त्याने मला कागद दाखवावा. तसा कागद कुणाकडेच नव्हता. पण कागद नसला तरी माणसाकडे ट्रॅक्टर असतो, आणि तो आपल्या दारासमोर घरघरत उभा केला की वरणभात गळ्याखाली उतरत नाही.

आमचं घर म्हणजे शाळेची जुनी बस. नवऱ्याने भंगारातून आणली, बाकडी उपटली, आत पलंग ठोकला, ओटा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. बाहेरून पांढरा रंग दिला, ही तेवढी चूक झाली. पांढरी गाडी गावात शिरली की लोकांना सरकारी वाटते. एका गावात चार म्हाताऱ्या डोळे तपासून घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या गावात विचारलं, "कुठल्या पार्टीची?" मी खरं सांगितलं की कुठल्याच नाही. तेव्हा तर संशय फारच वाढला.

हौस म्हणून कुणी असं राहत नाही. निदान आम्ही तरी नाही. लग्न झालं तेव्हा कारेगावात खोली शोधत होतो. तो तिथे कंपनीत मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा. मी कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर पत्रकं काढायचे: दहा खोल्यांना एक नळ का, भाड्याची पावती का नाही, बायकांनी संडासाला जायचं कुठे. आता असली पत्रकं काढणारीला खोली देणारा घरमालक अजून जन्मायचाय. त्यात मी शिरूरच्या जुन्या मिशन आवारातली ख्रिस्ती, तो दौंडकडचा धनगर. एका घरमालकाने खोली दाखवता दाखवता विचारलं, "तुमच्यात नेमकं काय चालतं?" मी म्हटलं, "भाडं वेळेवर देणं चालतं." खोली गेली.

मग आम्ही बस घेतली. त्याने कंपनी सोडली आणि शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांत शेतीपंपांची कामं धरली. जिथे काम तिथे घर. मी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली ठेवले आणि ठरवलं, चला, आता कुठला मालक बाहेर काढतो बघू.

नऊ जणांनी काढलं.

नवव्यांदा आम्ही तळेगाव ढमढेरेच्या बाहेर होतो. निघता निघता मी त्या माणसाच्या विजेच्या खांबावर पत्रक चिकटवलं, 'रस्त्याकडेची जागा कुणाच्या बापाची नाही'. गाडीत चढले तर नवरा स्टेअरिंगवर हात ठेवून नुसता बसला होता.

"दौंडातला एक जण गाडी विकत मागतोय," तो म्हणाला. "चायनीजची गाडी करायचीय त्याला."

"आपल्या घरात नूडल्स?"

"आठ दिवस देतो. आठ दिवसांत एकदाही हाकललं नाही तर घर ठेवू. हाकललं तर मी दौंडात खोली घेतो, आणि तू तिथल्या मालकाशी भांड."

तो रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढला. वडिलांची बदली झाली की कॅलेंडरचा खिळासुद्धा उपटून न्यायचे, असं सांगतो. त्याला भांडणाचा कंटाळा नाही. भांडून झाल्यावर झोपायला जागा पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते कळत होतं. पण ती बस मी दोन महिने खरवडलेली होती. माझी नखं त्या पत्र्यात गेली होती. पहिल्यांदा असं घर मिळालं होतं जिथे दार उघडताना कुणी मला खालपासून वरपर्यंत बघत नव्हतं. ते चायनीजवाल्याला द्यायचं?

"आठ दिवस," मी म्हटलं. "बघच."

तर ह्याने दुसऱ्या दिवशी काय करावं? पाटसकडे जाऊन आपल्या चुलत आजोबांना, आप्पांना, गाडीत घालून आणलं.

आप्पा सगळा जन्म मेंढरांमागे चालले. आता मेंढरं नाहीत, घरचं उसाचं शेत आहे, पोरांनी स्लॅबचं घर बांधलंय आणि गुडघे गेलेत. घोंगडी, काठी आणि गोळ्यांची पिशवी घेऊन ते चढले आणि त्यांनी आमच्या घराची तपासणी केली. ओटा बघितला. पलंग दाबून बघितला. मागचं दार उघडलं.

"ह्ये काय?"

"संडास, आप्पा."

दार लावलं. परत उघडलं. "रांधायचं तिथंच? आन् वर घर चालतंय पन!" मग खाली टेकले आणि मला म्हणाले, "तुमाला हाकलत्यात का, म्हाईत हाय का?"

"लोकांना कायदा कळत नाही म्हणून."

"न्हाई. तुमच्याकडं लेंड्या न्हाईत म्हनून."

नवरा हसायला लागला. आप्पा हसत नव्हते. त्यांनी सांगितलं ते असं, की मेंढरं ज्या रानात बसवायची ते रान लेंड्यांनी खतावतं. म्हणून शेतकरी धनगराची वाट बघायचा, आधी आमच्यात बसवा म्हणून भांडायचा, वर धान्य द्यायचा. "बिऱ्हाड उतरलं की मालकाला बरं वाटाय पायजे. तुमची गाडी मागं काय टाकून जाती?"

"सांडपाणी," नवरा म्हणाला.

"मग हाकलतील न्हाई तर काय ओवाळतील?"

पहिला मुक्काम न्हावऱ्याच्या अलीकडे. आप्पांनी बस डांबरीवरच थांबवायला लावली. दारात गाडी घेऊन जायचं नाही, चालत जायचं. मीही उतरले.

"तू नगं बोलू," आप्पा म्हणाले.

"का?"

"तू बोलली की समोरच्याला वकील लावावा वाटतो."

मग मी गप्प राहून बघितलं. आधी त्यांनी जागा मागितलीच नाही, पाणी मागितलं. पाणी प्याले. कांदा कसा हाय, इहिरीला पानी किती, लाईट कवा येती. मग म्हणाले, "परवा सकाळी उठतो." अजून बसायला सांगितलेलं नाही आणि हे उठायचा दिवस सांगतात! नंतर कळलं, तीच तर खुबी. आलेला माणूस जाणार कधी, ही मालकाची खरी धास्ती. ती आधी काढून टाकायची. मग जागा मागायची, तीही सुचवून: बांधावर नको, विहिरीपाशी नको, तुमच्या दारासमोर आमचं दार नको. मालक म्हणाला, "लावा की त्या बाभळीखाली." तोवर नवऱ्याने पंपाचा स्टार्टर उघडला होता. दोन महिने तो काठीने दाबून धरावा लागत होता. तासाभरात नीट झाला. मालकीणबाईंनी वांगी आणून दिली.

मला ते बघवत नव्हतं. वांगी छान होती, पण बघवत नव्हतं.

"आप्पा, रस्ता सरकारचा आहे," मी संध्याकाळी म्हटलं. "मागायचं कशाला? मागितलं की देणारा मोठा होतो आणि आपण लहान."

"रस्ता सरकारचा, शेजार त्येचा," आप्पा म्हणाले. "इंचू चावला तर सरकार येनार का त्यो?"

मी वांगी चिरली.

दुसरा मुक्काम तसाच. तिसरा पारगावच्या पुलाअलीकडे, भीमेच्या काठी, आणि तिथे मी सवयीने माती खाल्ली. त्या रानात खुरपायला आलेल्या बायकांना मी सहज मजुरी विचारली होती. त्यांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी. माझ्याकडे पत्रक तयारच होतं. सकाळी निघायच्या आधी मी ते मालकाच्या पंपघराच्या दारावर खळीने चिकटवलं. नीट, चारही कोपरे दाबून. मागे वळले तर आप्पा उभे. त्यांनी काठी टेकवून ठेवली आणि ओलं पत्रक नखाने खरवडायला लागले.

"ज्येच्या इहिरीचं पानी प्यालो त्येच्या दाराला चिकटिवलं?"

"त्याच्याच शेतात अन्याय चाललाय, आप्पा. मग कुणाच्या दाराला चिकटवू?"

"मग तोंडावर सांग. हाय की त्यो गोठ्यात. कागुद कशाला? जा. आत्ता."

आता मला सांगायला पाहिजे की मी सभेत बोलते, मोर्च्यात बोलते, साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलते. पण ज्याच्या घरचं ताक सकाळीच प्याले, त्याला धार काढताना गाठून 'तू बायकांना कमी देतोस' म्हणायचं, हे मी कधी केलं नव्हतं. पत्रक चिकटवून गाडीत बसणं त्यापेक्षा किती सोपं! हे मला तिथे, शेणात उभं राहून कळलं. तरी गेले. बोलले.

"सगळीकडं तसंच हाय, ताई," तो म्हशीकडे बघत म्हणाला.

"म्हणून तर छापलंय."

आतून त्याची बायको फिसकन हसली. "सांगा की आता काय ते! मी बी खुरपतीच की, मला तर कायच न्हाई." म्हैससुद्धा त्याच्याकडे बघायला लागल्यासारखी वाटली. त्याने मजुरी वाढवली का, मला माहीत नाही. पण हाकललं नाही. उलट म्हणाला, पुढच्या वेळी या, दुसरी मोटार दाखवायचीय.

तीन मुक्काम झाले. सहा दिवस गेले. नवरा गाणी म्हणत गाडी चालवायला लागला. मी मनातल्या मनात म्हणत होते, घर राहतंय. आणि आप्पा मला गाडीत धडे देत होते: विस्तव विझवून राख पसरून जायचं, देवाच्या दगडाला टेकून सामान ठेवायचं नाही, मालकाच्या कुत्र्याला आधी भाकरी घालायची.

सातव्या दिवशीच्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटतील.

मालक वयस्कर, वागायला फार चांगला. आप्पांनी गाव सांगितलं, भावकी सांगितली. "आरं, तुमची मेंढरं आमच्या माळाला बसायची की! वडील सांगायचे." खुर्च्या आल्या, चहा आला. आप्पांनी परवाचा दिवस सांगितला, जागा ठरली, विहिरीजवळच्या चिंचेखाली. मग त्याने माझ्याकडे बघून आप्पांना विचारलं, "आन् सूनबाई कुनाच्या?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "शिरूरची. मिशन आवारातली. आम्ही ख्रिस्ती."

"व्हय व्हय. पन त्येच्या आधी कोन?"

हा प्रश्न मला बालवाडीपासून माहीत आहे. माझ्या घरात चार पिढ्या बायबल वाचलं जातं, तरी लोकांना अजून 'त्येच्या आधी' पाहिजे असतं.

"त्याच्या आधी गावाबाहेर राहायला लावलेले," मी म्हटलं.

तो रागावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. "तसं काय न्हाई हो आता. ऱ्हावा की, दोन दिस ऱ्हावा. फकस्त गाडी तेवढी वड्याच्या पलीकडं लावा. आन् सूनबाईंनी इहिरीकडं यायची गरज न्हाई. पानी आमी पोचवू."

काय सुंदर बोलला! घरपोच पाणी. माझ्या तोंडात अख्खं पत्रक जमा झालं होतं, मथळ्यासकट. पण त्याआधी आप्पांनी कप बशीत ठेवला. चहा अर्धा होता. आमच्याकडे अर्धा चहा ठेवून उठणं म्हणजे काय, हे त्या माणसालाही कळत होतं.

"आमाला फुडं जायचंय," आप्पा म्हणाले.

"अवो, आत्ता तर म्हनला परवा उठतो—"

"तवा म्हनलो. आता न्हाई."

त्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो. आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा. म्हातारा माणूस एवढा त्रास घेऊन उठतोय आणि समोरचा त्याला 'बसा' म्हणू शकत नाही, ह्यापेक्षा मी जास्त काय बोलणार होते?

गाडीत आप्पांनी घोंगडी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "एवढी वर्सं मुक्काम मागितला. मला कुनी न्हाई म्हनलं न्हाई. मला वाटायचं, माज्या तोंडात साखर हाय."

"साखर आहेच, आप्पा," मी म्हटलं. "पण त्याच्या मागे आडनावही आहे."

ते मान हलवत राहिले. मला बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. जे होतं ते बोलले.

नवऱ्याने पेट्रोल पंपाच्या मागे, ओळखीच्या वेल्डरच्या शेडपाशी गाडी उभी केली. दिवस मावळत होता. मी म्हटलं, "सातव्या दिवशी हाकललं. पैज संपली."

"हाकललं नाही," तो म्हणाला. "आपण उठलो."

"ओढ्यापलीकडे लावा म्हणणं म्हणजे हाकलणंच असतं. उगाच शब्द फिरवू नकोस. मी घर वाचवायला खोटं बोलणार नाही."

"बिऱ्हाड मालकानं उठिवलं तर हाकललं," आप्पा म्हणाले. "आपुन उठिवलं तर उठलो. ह्यो नेम हाय."

"आप्पा, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधीच बसलोय," आप्पा म्हणाले. ते खरंच आमच्या दोघांच्या मधे बसले होते.

तेव्हा नवऱ्याने खाली बघत सांगितलं, "दौंडातली ती खोली मी फोनवर ठरवली होती. त्या मालकानेही विचारलं, मिसेस कुठल्या. मी 'शिरूरच्या' एवढंच म्हणालो."

"आणि पुढे?"

"पुढे त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

मी त्या वेळी जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. सगळं बोलून झाल्यावर शेवटी म्हटलं, "म्हणजे त्या खोलीत मी रोज अर्धी राहणार होते. शिरूरपुरती."

तो उठला, खाली उतरला, आणि माझ्यासमोर, मला ऐकू येईल असा फोन लावला. आधी खोलीवाल्याला, मग चायनीजवाल्याला. दोघांना एकेक वाक्य. "नको. गाडी विकायची नाही. आम्ही त्यात राहतो." परत आला आणि म्हणाला, "आता आठ दिवसही नाहीत आणि पैजही नाही. आता खरंच राहायचं आहे. उद्या जागा कोण मागणार?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी केडगावच्या पुढे एक बाई एकटीच कांदा निवडत बसली होती. पत्र्याची शेड, पंपघर, एक लिंब. गाडी डांबरीवर ठेवली आणि मी चालत गेले. आप्पा आणि नवरा मागे दारात बसून बघत होते, शाळेत पोरगीला सोडायला आल्यासारखे.

आप्पांचे नेम मला पाठ होते. पण क्रम मी माझा लावला.

"मावशी, मी शिरूरची," मी म्हटलं. "आम्ही ख्रिस्ती, त्याच्या आधी गावाबाहेरचे. नवरा धनगर, मोटारी दुरुस्त करतो. मी अर्ज लिहिते, कचेरीत भांडते. ते आमचे आप्पा. परवा सकाळी उठू. ती गाडी आमचं घर आहे, ती तुमच्या लिंबाखाली लावायचीय. आणि पाणी तुमच्या विहिरीवरून मी स्वतः घेणार. चालत असेल तर सांगा, नसेल तर पुढे जातो."

तिने हातातला कांदा खाली ठेवला नाही. "म्या जात इचारली व्हती का?"

"नंतर विचारू नये म्हणून आधी सांगितली."

"मग माजंबी ऐक, नंतर म्हनू नगं सांगितलं न्हाई." तिने सडका कांदा बाजूला फेकला. "मालक वारलं दोन वर्सं झाली. हे रान माज्या नावावर हाय, सात-बाऱ्यावर हाय. पन दीर म्हनतो, बाईमानसाचं काय रान. रोज येतो, मोटार बंद करतो, शिव्या देतो. काल पंपाची वायर तोडली. तुमी हितं थांबलात तर तुमालाबी बोलंल. बाईच्या रानात कोन ही लोकं, म्हनंल. चालंल का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं की चालेल का.

"सात-बारा घरात आहे?"

"हाय."

"दाखवा. वायर नवरा जोडेल, अर्ज मी आजच लिहिते. अर्जावर अंगठ्यापेक्षा सही बरी. येते?"

"चौथी शिकलीय म्या," ती फणकाऱ्याने म्हणाली. "तुज्यापेक्षा बरं अक्षर आसंल."

एवढ्यात आप्पा काठी टेकत आलेच होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्यांनी पाणी मागितलं नाही, कांद्याचा भाव विचारला नाही. तिला म्हणाले, "दीर येतो कवा?"

"सकाळी. लाईट आली की."

आप्पांनी मागे वळून नवऱ्याला हाक मारली. "लिंबाखाली नगं रं! गाडी वाटंवर घे, रानाच्या तोंडाशी. आडवी लाव, चांगली दिसंल आशी."

"आणि आप्पा, परवा उठायचं?" तो तिकडून ओरडला.

"उठायचं मागनं बघू," आप्पा म्हणाले, आणि कांद्याच्या ढिगाशेजारी बसायला जागा करायला लागले.